अर्धं ब्लेड

संकटं माणसाला शहाणं करतात.

साथीच्या पहिल्या वर्षात हे वाक्य मी आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांकडून निदान सहा वेळा ऐकलं. सहाही वेळा ते लॅपटॉपच्या पडद्यावर होते आणि अंगात रेशमी कुर्ता होता. एकदा बोलता बोलता ते पाणी आणायला उठले, आणि कुर्त्याखाली चौकड्याची अर्धी चड्डी आहे हे सगळ्या सभासदांना एकाच क्षणी समजलं. त्यामुळे वाक्याचं वजन कमी झालं नाही. आम्ही खरंच शहाणे झालो होतो. दुधाचे खोके साबणाने धुवत होतो. कोथिंबीर मिठाच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवत होतो. त्यानंतर तिला कोथिंबीर म्हणायला धाडस लागायचं. लिफ्टचं बटण कोपराने दाबत होतो. समोरच्या इमारतीतली डच आजी सायकलवरून बाजार करून यायची, पिशवीतलं सफरचंद काढून न धुता तिथंच खायची, आणि आम्ही नवराबायको खिडकीतून तिच्याकडे, ही आता किती दिवसांची सोबती, अशा नजरेने बघायचो. ती अजूनही सायकल चालवते.

साथीच्या दुसऱ्या हिवाळ्यात सरकारने न्हाव्यांची दुकानं बंद केली. डीमन या डच उपनगरातल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर माझा एक मित्र राहायचा. मूळचा सोलापूरकडचा. बँकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून काढणं हे त्याचं काम होतं, आणि इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर असताना चार वर्षं सगळ्या मजल्याचे केस त्यानेच कापले होते. हे दुसरं कौशल्य त्याने नोकरीच्या अर्जात लिहिलं नव्हतं, पण त्या जानेवारीत त्याला पहिल्यापेक्षा जास्त मागणी होती. संक्रांतीचा तिळगूळ समारंभ ऑनलाइन व्हायचा होता, अध्यक्षांना भाषण करायचं होतं आणि त्यांचे केस कॉलरवर रुळत होते.

घरी दिवसाला एकच पाहुणा, असा तेव्हा नियम होता. तळमजल्यावरची सायकली ठेवायची खोली म्हणजे घर नव्हे, हा मुद्दा मित्राने मांडला आणि अध्यक्षांनी तो ग्राह्य धरला. तिथे एका रविवारी सकाळी आम्ही जमलो. अध्यक्षांना अकराची वेळ दिली होती. मी साडेदहाला गेलो.

केस कापून झाले की मान आणि कल्ले उस्तऱ्याने साफ करायचे, ही आपल्याकडची रीत. इथले न्हावी मशीन फिरवून मोकळे होतात, आणि आपल्या माणसाला ते केस कापल्यासारखं वाटतच नाही. मित्राकडे उस्तरा होता. त्याच्या ब्लेडचं पाकीट त्याने चार वर्षांपूर्वी सोलापूरहून आणलं होतं आणि त्यात एकच ब्लेड उरलं होतं. ते त्याने कागदात ठेवूनच मधोमध मोडलं. गावच्या सलूनमध्ये ज्याने कधी मान पुढे केली आहे, त्याला तो आवाज माहीत असतो. एक अर्धं त्याने अध्यक्षांसाठी कागदात गुंडाळून ठेवलं. पदाचा मान असतो. दुसरं अर्धं आम्हा दोघांसाठी.

बऱ्याच दिवसांनी उस्तरा हातात घेत होता, म्हणून हात बसलाय का ते बघायला आधी त्याने स्वतःचाच एक कल्ला केला, मोबाइलच्या पडद्यात बघत. थोडं कापलं. त्याने त्यावर तुरटीचा खडा फिरवला. मग मला पुढे वाकवलं, मान केली, कानामागे वळला आणि मी म्हणालो, "आई गं."

"हलतोस कशाला लेका," तो म्हणाला, आणि तोच खडा ओला करून माझ्या कानामागे फिरवला. तुरटी झोंबली. लहानपणापासून ती झोंबली की मला वाटत आलंय, चला, आता काही होत नाही.

आम्ही दोघांनी मास्क लावले होते. दार उघडं ठेवलं होतं, बाहेर शून्याखाली चार अंश होते. मी उठल्यावर त्याने खुर्ची सॅनिटायझरने पुसली, मग कात्री पुसली, मग दाराची मूठ. उस्तरा पुसला नाही, कारण उस्तरा खोकत नाही.

त्याच आठवड्यात बायकोला दिवस गेल्याचं आम्हाला कळलं होतं. लग्नाला आठ वर्षं झाली होती. आधी दोनदा असा आनंद झाला होता आणि दोन्ही वेळा तो तिसरा महिना संपायच्या आत संपला होता. त्यामुळे या वेळी आम्ही कुणालाच सांगितलं नाही, एकमेकांशीही जपूनच बोलायचो. इथे बाळंतपणाचं सगळं सुईण बघते. पदवी घेतलेली, सायकलवरून येणारी सुईण. तिने फेब्रुवारीत बायकोचं रक्त तपासायला पाठवलं. त्यात नेहमीच्या तपासण्यांबरोबर हिपॅटायटिस बीचीही एक असते. सगळं स्वच्छ आलं. आम्ही तो कागद फ्रिजवर लावला. आमच्या घरात फ्रिजवर लागलेली ती पहिली गुणपत्रिका.

मार्चच्या मध्यावर मित्राने खाली बोलावलं. म्हणाला, जरा कालव्याकडे चल, फोनवर नको. गेले काही आठवडे तो थकलेला दिसायचा. हाउसआर्ट्स, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, नेहमीप्रमाणे आधी पॅरासिटामॉल घ्या म्हणाला होता, आणि तिसऱ्या खेपेला मात्र त्याने रक्त काढून घेतलं. एवढं मला माहीत होतं. पुढचं तो कालव्याकडे बघत म्हणाला.

"मला हिपॅटायटिस बी आहे. आजचा नाही, बहुतेक जन्मापासूनचा. आईकडून आला असेल म्हणतात. लिव्हर चांगलं आहे. दर सहा महिन्यांनी तपासायचं, बस."

अशा वेळी म्हणतात ते मी म्हणालो. बायको आणि मुलगी कशा आहेत ते विचारलं. मुलीला लस दिलेली होती, बायकोलाही काही नव्हतं.  एक बदक काठावर चढलं, आमच्या हातात काही नाही असं बघून परत पाण्यात उतरलं.

"त्या दिवशी तुझ्या कानामागे लागलं होतं ना रे," तो म्हणाला.

"थोडंसं."

"मलाही लागलं होतं. तुझ्या आधी."

आम्ही नियमाप्रमाणे दीड मीटर अंतरावर उभे होतो. मी दोन पावलं मागे गेलो. ते त्याने पाहिलं.

"हवेतून होत नाही," तो म्हणाला. "तसलं नाहीये हे."

घरी येऊन मी वाचायला बसलो. मी वाचणारा माणूस आहे. कुठल्याही भीतीवर थोडं वाचलं की ती आटोक्यात येते, असा माझा चाळीस वर्षांचा समज होता, तो त्या दुपारी संपला. मी वाचलं की हा विषाणू रक्तातून आणि शरीरसंबंधातून पसरतो, एकाच सुईतून, एकाच उस्तऱ्यातून, कधी एकाच दात घासायच्या ब्रशमधून. की वाळलेल्या रक्ताच्या डागातही तो आठवडाभर तग धरून राहतो. त्या अर्ध्या ब्लेडवर तर त्याला पाच मिनिटंही वाट बघावी लागली नव्हती. की मोठ्या माणसाला झाला तर शरीर बहुतेक वेळा त्याला हाकलून देतं, आणि जन्माच्या वेळी आईकडून बाळाला गेला आणि वेळेवर लस मिळाली नाही, तर तो बहुतेक वेळा जन्मभर राहतो. हे शेवटचं वाक्य मी तीन वेगवेगळ्या ठिकाणी वाचलं. प्रत्येक ठिकाणी ते थोडं सौम्य असेल अशी आशा होती.

त्या संध्याकाळी बायकोला काही सांगितलं नाही. तिला घाबरवायचं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे ते वाक्य तोंडाने म्हणायची मला हिंमत नव्हती. मी फक्त माझा ब्रश बाथरूममधून उचलून स्वयंपाकघरात नेला, नेलकटर लपवला आणि टॉवेल वेगळा वाळत घातला. म्हणजे गुपित ठेवण्याच्या दृष्टीने मी घरभर पाट्या लावल्या.

सकाळी ती ब्रश घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "हा डाळीच्या डब्यामागे काय करतोय?"

मग सांगितलं. उस्तरा, ब्लेड, तुरटी, कान, सगळं. कोण आधी, कोण नंतर, तेही. ती खुर्चीवर बसली.  सासूशी किंवा आईशी बोलायचं तर आधी दिवस गेल्याचं सांगावं लागलं असतं. तेव्हा त्या घरात बोलायला आम्ही दोघंच होतो.

"मला एकच सांग," ती म्हणाली. "बाळाला होईल का?"

"माहीत नाही."

"माझा रिपोर्ट तर चांगला आलाय."

"तो फेब्रुवारीतला आहे," मी म्हणालो. म्हणायला नको होतं. तिने वळून फ्रिजकडे पाहिलं.

दोन दिवसांनी पालिकेच्या आरोग्य विभागातून एका परिचारिकेचा फोन आला. मित्राने माझं नाव दिलं होतं, तसं देणं त्याला भाग होतं. तिने सुरुवातीलाच सांगितलं की फोन करोनासाठी नाही. वर्षभर लोकांना तोच एक फोन करून ती इतकी कंटाळली असावी की आवाजात जरा सुट्टीवर निघाल्यासारखा उत्साह होता. बायकोने फोन स्पीकरवर ठेवायला लावला आणि समोर लसूण सोलायला बसली.

प्रश्न खासगी आहेत, परिचारिका म्हणाली, उत्तर द्यायचं नसेल तर तसं सांगा. मग, दूध सायीचं हवं की बिनसायीचं, अशा आवाजात तिने विचारलं की गेल्या सहा महिन्यांत बायकोखेरीज आणखी कुणाशी संबंध आला का. पुरुषाशी? सुईने कधी नशा केली? तुरुंगात होतात का? प्रत्येक प्रश्नाला बायकोचा लसणावरचा हात थांबायचा आणि माझं "नाही" आलं की पुढे सुरू व्हायचा. आठ वर्षांच्या संसारात आमच्यात एवढी स्वच्छ चौकशी झाली नव्हती. माझं आयुष्य किती सपक गेलंय, ते मला त्या प्रश्नांमधून प्रथम कळलं. आणि एवढ्या सपक आयुष्याला हे व्हावं, याचा रागही आला. धोक्याच्या त्या यादीतल्या माणसांनी निदान काही मजा केलेली होती. मी केस कापले होते.

मग ती लहानपणाकडे वळली आणि मी अडकलो. कारण आता "नाही" म्हणता येईना.

कान टोचलेत? टोचलेत. बाराव्या दिवशी, सोनाराने, सोन्याच्या तारेने. तार नवी होती का, ते विचारायचं माझं वय नव्हतं. शाळेत लस दिली होती? दिली होती. डॉक्टर आणि कंपाउंडर यायचे, वर्गाच्या ओट्यावर स्पिरिटचा दिवा पेटवायचे. आम्ही चाळीस मुलं बाही वर करून रांगेत. सुई दिव्यावर धरायची, कापसाने पुसायची, पुढचा दंड. माझ्या पुढच्या मुलाला टोचल्यावर ती लाल दिसायची, एवढं नक्की आठवतं, कारण मी तिच्याकडेच बघत असायचो. न्हावी? एसटी स्टँडसमोर, लाकडी खुर्ची, भिंतीला लटकवलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर घासलेला एकच उस्तरा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला. पुढे एड्सची पोस्टरं लागली, तेव्हा त्याने दुकानावर "प्रत्येकास नवीन ब्लेड" अशी पाटी रंगवून घेतली आणि ब्लेड मोडून अर्धं अर्धं वापरायला लागला. गावात सुधारणा आली ती या अर्ध्या ब्लेडच्या रूपाने. त्यावर विश्वास ठेवूनच मी मोठा झालो होतो. फक्त पाटीवरचा पहिला शब्द त्या सायकलींच्या खोलीत आम्ही विसरलो.

"कधी कावीळ झाली होती?" परिचारिकेने विचारलं.

"चौथीत. त्यामुळे माझी स्कॉलरशिप गेली."

दुसरं वाक्य तिला सांगायचं काही कारण नव्हतं, पण माझ्या तोंडी ती दोन वाक्यं जोडूनच येतात. चौथीच्या स्कॉलरशिपच्या परीक्षेला मी जिल्ह्यात पहिला येणार होतो आणि ऐन वेळी कावीळ झाली, हा आमच्या घराचा इतिहास आहे. आईने तो सगळ्या नातेवाइकांना सांगितला, लग्नाच्या बैठकीत माझ्या सासऱ्यांना सांगितला, आणि मुलाखतींमध्ये आयुष्यातल्या पहिल्या अपयशाबद्दल विचारलं की मी स्वतः तो सांगत आलोय. परिचारिका म्हणाली, तुमच्याकडे लहान मुलांना होणारी कावीळ बहुधा दूषित पाण्यातून होते, ती वेगळी. स्कॉलरशिपबद्दल ती काही म्हणाली नाही.

ठरलं ते असं. माझं रक्त तपासायचं आणि त्याच दिवशी लसीचा पहिला डोस द्यायचा. बायकोलाही द्यायचा, गरोदरपणात चालतो. माझा रिपोर्ट चांगला आला तरी निश्चिंत व्हायचं नाही, काही महिन्यांनी परत तपासायचं, कारण विषाणू उशिरा दिसू शकतो. तोवर जपून राहायचं. जेवण एकत्र चालेल, मिठी चालेल, एका बिछान्यात झोपायला हरकत नाही, फक्त काळजी घ्या. बाळाची चिंता करू नका, ती म्हणाली, आईला असेल तर इथे बाळाला जन्मल्या जन्मल्या औषध देतात आणि ते बहुतेक वेळा काम करतं.

"बहुतेक वेळा," फोन ठेवल्यावर बायको म्हणाली. सगळ्या संभाषणातले तिने तेवढेच दोन शब्द ठेवून घेतले.

रक्त दिल्यापासून नऊ दिवस गेले. साथीमुळे प्रयोगशाळा तुंबल्या होत्या. त्या नऊ दिवसांत मी सोफ्यावर झोपलो, परिचारिकेने हरकत नाही म्हटलं असतानाही. दाढी बंद केली. भाजी चिरताना बोट कापेल म्हणून सुरी हातात घेईना. दिवसातून चारदा आरशात डोळ्यांचा पांढरा भाग बघायचो. स्वयंपाकघरातल्या पिवळ्या दिव्याखाली तो पिवळा दिसायचा, बाथरूममधल्या दिव्याखाली नाही, आणि मी स्वयंपाकघरातल्या दिव्यावर विश्वास ठेवायचो. बायको पोटावर हात ठेवून बसलेली दिसली की मी दुसऱ्या खोलीत जायचो. आधीच्या दोन्ही वेळी कुणाचीच चूक नव्हती, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. या वेळी कुणाची असेल, ते अगदी ठरलेलं होतं.

मंडळात बातमी कशी गेली ते माहीत नाही. अध्यक्षांनी व्हॉट्सॲपवर एक मोठा संदेश टाकला. आरोग्य ही प्रत्येकाची खासगी बाब आहे, आपण सगळे एक कुटुंब आहोत, अफवा पसरवू नयेत, असं त्यात होतं. ज्यांना काहीच माहीत नव्हतं, त्यांनाही त्यातून सगळं समजलं. अध्यक्षांनी स्वतः तीन वेगवेगळ्या ठिकाणी रक्त तपासून घेतल्याचं नंतर कळलं. त्यांच्या वाट्याला कागदातलं कोरं अर्धं ब्लेड आलं होतं हे त्यांना सांगितलं होतं, पण तुरटीबद्दल खात्री नव्हती.

मित्राच्या मुलीला वाढदिवसांची बोलावणी येईनाशी झाली. तसे वाढदिवस ऑनलाइनच होते.

आणि मी. मी त्या नऊ दिवसांत मित्राला एकदाही फोन केला नाही. सुपरमार्केटमध्ये एकदा तो चीजच्या फडताळापाशी दिसला, तेव्हा मी मांजरांच्या खाण्याच्या रांगेत शिरलो आणि तो जाईपर्यंत सॅमन माशाचं मांजरखाद्य वाचत उभा राहिलो. आमच्याकडे मांजर नाही.

होळीला त्याच्या बायकोने दारात पुरणपोळ्यांचा डबा ठेवला आणि बेल वाजवून ती निघून गेली. दरवर्षी आत येऊन बसायची. मी हातमोजे घालून डबा उचलला, बाहेरून पुसला आणि बाल्कनीत नेऊन ठेवला. हा आजार अन्नातून पसरत नाही, हे मला पाठ होतं. परिचारिकेने पाठवलेल्या पत्रकावर पहिल्याच पानावर तसं छापलं होतं. मला सगळं माहीत होतं आणि डबा बाल्कनीत होता.

थोड्या वेळाने बायको डबा आत घेऊन आली. पोळी गरम केली, तूप घातलं आणि माझ्यासमोर बसून खायला लागली.

"अगं," मी म्हणालो.

"वाच," तिने पत्रक माझ्याकडे सरकवलं. "पहिलं पान. मोठ्याने वाच."

मी वाचलं. एकत्र जेवल्याने होत नाही. एका भांड्यातून खाल्ल्याने होत नाही. तिने दुसरी पोळी घेतली.

"तिच्या नवऱ्याने आरोग्य विभागाचा फोन यायच्या आधी तुला स्वतः भेटून सांगितलं," ती म्हणाली. "आणि तू मला ब्रश लपवून सांगितलंस."

मी पोळी खाल्ली. वेलदोडा जास्त झाला होता, दरवर्षी होतो. घास गिळताना भीती वाटली, हे मात्र खोटं बोलणार नाही.

दहाव्या दिवशी हाउसआर्ट्सच्या दवाखान्यातून फोन आला. डॉक्टर नव्हता, त्याची मदतनीस होती. तिने जन्मतारीख विचारली, मग कागद चाळल्याचा आवाज आला. बायको माझा हात धरून उभी होती, नऊ दिवसांत पहिल्यांदाच. मदतनीस म्हणाली, तुम्हाला हिपॅटायटिस बी नाही. मग म्हणाली, म्हणजे होऊन गेलेला आहे.

मी म्हणालो, कधी, जानेवारीत?

नाही, ती म्हणाली, जुना दिसतोय, बराच जुना. बहुधा लहानपणीचा. शरीराने तो केव्हाच संपवलाय आणि आता तुम्हाला कायमचं संरक्षण आहे. पुन्हा होणार नाही, तुमच्याकडून कुणाला होणार नाही. कुठून आला ते आता कुणालाच सांगता येणार नाही. लसीचे पुढचे डोस घ्यायला येऊ नका. "तुम्हाला हे माहीत नव्हतं?" तिने विचारलं. मी नाही म्हणालो. ती म्हणाली, असो, सुट्टी चांगली जावो. ईस्टर जवळ आला होता.

बायको जमिनीवरच बसली आणि रडली. मग उठून फ्रिजवरचा कागद सरळ केला.

मी तसाच तिसऱ्या मजल्यावर गेलो. मित्राने दार उघडलं आणि सवयीने दोन पावलं मागे सरकला. गेल्या काही दिवसांत लोकांनी त्याला ती सवय लावली होती, पहिल्यांदा मी. मी रिपोर्ट सांगितला. 

"म्हणजे हातमोजे मी घालायला हवे होते," तो म्हणाला. "त्या दिवशी."

"माफ कर," मी म्हणालो. मांजरखाद्याबद्दलही सांगितलं.

"दिसला होतास," तो म्हणाला. "म्हटलं, मांजर आणलं वाटतं." आणि त्याने मला आत घेतलं.

गावी आईला फोन लावला तो दुसऱ्या दिवशी. बाळाबद्दल सांगितलं, ती आनंदाने काय बोलली ते इथे लिहीत नाही. मग म्हटलं, तूसुद्धा एकदा रक्त तपासून घे, आणि मला झालेल्या त्या काविळीचं नीट सांग. बोलत गेली. डोळे हळदीसारखे झाले होते. शेजारच्या गावात एक जण कावीळ उतरवायचा, त्याच्याकडे नेलं होतं. त्याने चुन्याच्या निवळीत हात धुतले आणि पाणी पिवळं झालं. महिनाभर उसाचा रस आणि बिनतेलाची भाजी. तिच्या मते त्या माणसामुळेच मी वाचलो. मी वाद घातला नाही. माझं शरीर हे सगळं करत असताना मलाच पत्ता नव्हता, तर त्याचं श्रेय कुणी घ्यावं यावर मी काय बोलणार.

"पण नक्की कधी झाली होती?" मी विचारलं. "कुठल्या महिन्यात? सुईणीच्या फाइलमध्ये लिहायचंय."

तिकडे तिने टीव्ही बंद केला.

"डॉक्टरांच्या कागदावर जाणार का हे?"

"हो."

"मग खरं सांगते," ती म्हणाली. "मे महिन्यात झाली. आंब्याचे दिवस होते. तुला एकही आंबा दिला नाही म्हणून तू भांडला होतास."

"आणि स्कॉलरशिपची परीक्षा?"

"ती फेब्रुवारीत," आई म्हणाली. "तेव्हा तू ठणठणीत होतास."